तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा गावातल्या लोकांच्या हातात कशाला?

"तुम्ही एवढे चांगले फोटो काढता, मग ते सोडून गावातल्या बायकांच्या हातात कॅमेरा कशाला देता?" हे मला लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, पणजीत प्रदर्शनाला आलेले लोक विचारतात, आई तर दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, विचारते. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते आणि मग मनाला लागून राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज बसून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल. बरीच वर्षं झाली, तेव्हा मी गावोगाव हिंडून फोटो काढायचे. पेडण्याकडे एका घराच्या सोप्यावर एक आजी सुपारी सोलत बसल्या होत्या आणि ऊन असं तिरपं आलेलं की मी विचारलंसुद्धा नाही, लांबूनच काढला फोटो. तो लोकांना खूप आवडला, पुढे एका हॉटेलने कॅलेंडरसाठी मागितला, मी विकला. जानेवारीत त्या आजींचा नातू ते कॅलेंडर गुंडाळून माझ्या दारात. भांडला नाही, एवढंच म्हणाला की आजीला दाखवलं तर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी प्रिंट घेऊन माफी मागायला गेले. आजी म्हणाल्या, "सांगितलं असतंस गे बाय, तर मी कापड बदललं असतं." आमच्याकडे कापड म्हणजे साडी. त्या दिवशी त्यांच्या अंगावर कामाचं, खांद्यावर विरलेलं कापड होतं, आणि माझ्या फोटोत सगळ्यात सुंदर तेच दिसत होतं, विरलेल्या जागेतून आरपार आलेलं ऊन. सगळे त्याचंच कौतुक करत होते.

त्यानंतर बरेच महिने मी कुणा माणसाचा फोटोच काढला नाही.

मग दक्षिण गोव्यातलं कुर्डी. साळावली धरणाचं पाणी 1986 मध्ये या गावात भरलं, लोक वाडे आणि वालकिणी या गावांत जाऊन वसले. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव, त्यांच्या आडनावामुळे गाणं ऐकणाऱ्या कुणालाही माहीत असतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की जुन्या वाटा, घरांची जोती, विहिरी वर येतात, जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात आणि कॅमेरेवालेही जमतात. भेगाळलेली जमीन, वाळलेली खोडं, देऊळ, सगळ्यांचे फोटो तेच, माझेही तेच. एका वर्षी माझ्यासोबत वालकिणीच्या एक मावशी होत्या, लग्न होऊन कुर्डीत आलेल्या. मी माझा छोटा कॅमेरा सहज त्यांच्या हातात दिला. त्यांनी देवळाकडे पाठ केली, बरंच अंतर चालून गेल्या, पायाने चिखल चाचपत चाचपत एका जागी थांबल्या आणि सरळ खाली जमिनीचा फोटो काढला. मला वाटलं चुकून बटण दाबलं गेलं. तर म्हणाल्या, "ही आमची रांदचीकूड." म्हणजे स्वयंपाकघर. फोटोत तपकिरी चिखल आहे, तीन दगड आहेत आणि कोपऱ्यात त्यांच्या चपलेचा पुढचा भाग. मी दर मेमध्ये तिथे गेले असते तरी हा फोटो मला सुचला नसता, कारण मला त्या जागी काही दिसतच नव्हतं. त्यांना चूल दिसत होती, आणि चुलीच्या उजव्या हाताला पाण्याचं भांडं कुठे असायचं तेही.

आईला मी हेच सांगते की गोष्ट कौशल्याची नाहीच, मला जे दिसत नाही ते मी कितीही चांगला कॅमेरा घेतला तरी कुठून काढणार.

आता ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. चीनच्या युनान प्रांतात 1990 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले होते आणि त्याबद्दल 1997 मध्ये लिहिलं, त्या पद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. शेतात काम करताना लेकराला बघायला घरी कुणी नाही, ही रोजची गोष्ट त्या बायकांच्या फोटोंतून अधिकाऱ्यांपुढे गेली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी चित्र समोर ठेवून लोकांना आपल्या जगण्याबद्दल बोलतं करायचे, तोही धागा यात आहे.

पण कॅमेरा दिला की झालं असं नाही, आणि इथेच बरेच प्रोजेक्ट फसतात असं माझं स्पष्ट मत आहे. तीन महिने यायचं, टी-शर्ट वाटायचे, बायकांचे हसरे ग्रुप फोटो काढायचे आणि कॅमेरे परत घेऊन जायचं, यात गावाला काय मिळालं? खरं काम फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. आम्ही, म्हणजे गावातल्या बायका आणि मी, आता फोनवरच काढतो, पण आठवड्याला एकीने चोवीसच फोटो काढायचे, मग ते पोस्टकार्डाएवढे प्रिंट करून चटईवर पसरायचे, प्रत्येकीने आपले तीन निवडायचे. आणि मग बोलायचं, यात काय दिसतंय, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी याचा काय संबंध, हे असं का आहे, आपण काय करू शकतो. चहा, पाव, पातळ भाजी, दुपारचे तीन तास कधी जातात कळत नाही. एकदा एका वहिनींनी घराबाहेर ठेवलेल्या रिकाम्या कळशांचा फोटो निवडला आणि त्यावरून नळाला पाणी किती वाजता येतं, ते भरायला रात्री कोण उठतं, ती सकाळी कितीला कामावर जाते, असं बोलणं निघालं की मी नुसती लिहून घेत होते.

अजून एक कागद असतो. त्यावर चार चौकोन, हा फोटो घरात ठेवायचा, वाड्यावर दाखवायचा, पणजीत लावायचा की इंटरनेटवर टाकायचा, ज्याने काढला तो खूण करणार आणि ज्याचा फोटो आहे तोही. कॅलेंडरवाल्या आजींमुळे हा कागद आला. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातही फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, तेव्हा मालक फोटो काढणाऱ्या बायका आहेत, मी नाही, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवते.

गेल्या चवथीआधी सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर आम्ही कॅमेऱ्याशिवायच फोटो केले. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात ना, नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, आणि रानातली कांगलां, घागऱ्यो, हरणां, त्या रानातल्या जिनसांचे सूर्यप्रिंट काढायचे असं ठरलं. याला सायनोटाइप म्हणतात, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलेली पद्धत, लगेच पुढच्या वर्षी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने समुद्रशेवाळाचे असे प्रिंट काढायला घेतले. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला लावायचे, अंधारात सुकवायचे, वर पान ठेवून काच दाबायची, उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. ऊन पडलेला भाग गडद निळा होतो, पानाची जागा पांढरी राहते. इंजिनियर लोकांचे जुने निळे नकाशे याच पद्धतीचे.

भाद्रपदात ऊन कुठलं! कडक उन्हात काही मिनिटांचं काम, इथे ढगाखाली अर्धा अर्धा तास बसायचं, मधेच सर आली की काचा उचलून सगळ्याजणी पडवीत. कागद दमट हवेने मऊ पडलेले. पण विहिरीच्या पाण्यात पहिला कागद बुडवला आणि पिवळट हिरवं वाहून जाऊन खालून निळं उठायला लागलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. सुपारीच्या घोसाचा नुसता पांढरा डाग आला, जाड वस्तूचं तसंच होतं, पण कांगल्याच्या वेलीचं टोक, ते स्प्रिंगसारखं वळलेलं, केसाएवढी रेघ न् रेघ उमटली. एक काकी ते कितीतरी वेळ दोन्ही हातांत धरून बसल्या.

मग प्रिंट सुकल्यावर त्यांनी आपणहून दोन ढीग केले. एक, आमच्या डोंगरावरून आणलं. दुसरा, बाजारातून विकत आणलं. दुसरा ढीग मोठा होता. मी कुणालाच हे करायला सांगितलं नव्हतं. मी माटोळीचा फोटो काढला असता तर खालून वर बघत, रंगीत, गणपतीसकट, छान आला असता आणि तो डोंगर त्यात कुठेच नसता.

प्रदर्शन देवळाच्या सभामंडपात, नायलॉनच्या दोऱ्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पणजीला नंतर नेऊ, आधी इथे, हा बायकांचा हट्ट आणि तो बरोबरच होता. संध्याकाळी एक आजोबा काठी टेकत आले, प्रत्येक निळ्या कागदापुढे थांबले आणि एका कागदापाशी म्हणाले की हे नाव चुकलंय. काकी म्हणाल्या माझ्या माहेरी असंच म्हणतात. बराच वेळ वाद चालला, शेवटी पेन्सिलीने दोन्ही नावं लिहिली. मग त्यांनी तो दुसरा ढीग कुठला ते विचारलं, दोरीवरचे ते सगळे कागद पुन्हा एकदा पाहिले, आणि म्हणाले यातली तीन झाडं अजून वरच्या झऱ्याकडे आहेत, तुम्हाला वाट माहीत नाही एवढंच. यंदा चवथीच्या आठ दिवस आधी, पाऊस जरा उघडला की ते आम्हाला घेऊन जाणार आहेत, काकींनी फोन चार्ज करून ठेवायची जबाबदारी घेतलीय.