बेटची बादली आणि तळ्याचं पाणी

मासेमारीवाले लोक रॉड कुठला, लाइन किती पाउंडाची, वॉलाय मासा पहाटे लागतो की संध्याकाळी यावर तासन्‌तास बोलतील, पण जिवंत बेटची (बेट म्हणजे bait, गळाला लावायचं आमिष) बादली एका तळ्यावरून दुसरीकडे न्यायला परवानगी आहे का असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे चार मिनो तर आहेत, कोण बघतंय". तर या चार मिनोंबद्दलच, म्हणजे बेट म्हणून वापरतात त्या छोट्या माशांबद्दलच, लिहितोय. अमेरिका-कॅनडातल्या ग्रेट लेक्स या पाच मोठ्या सरोवरांच्या आजूबाजूच्या राज्यांबद्दल आहे हे, कारण तिथे राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो आणि तीच बादली एका बाजूला चालते नि दुसऱ्या बाजूला गुन्हा होतो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. बहुतेक नियमांचा खरा रोख बादलीतल्या पाण्यावर आहे. मासा दिसतो, मोजता येतो, पाण्यात काय आहे ते दिसत नाही. झेब्रा मसल नावाचा शिंपला 1988 मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला, त्याची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात नुसती तरंगत असतात आणि इतकी बारीक असतात की डोळ्यांनी दिसतच नाहीत, म्हणजे तुम्ही तळ्यातून एक मग भरून बादलीत ओतलात आणि गाडीतून पुढच्या तळ्यावर नेलात की झालं काम. आणि हे शिंपले एकदा बसले की निघत नाहीत, पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबवतात, बोटींना चिकटतात. स्पायनी वॉटर फ्ली म्हणून एक काटेरी शेपटीचा प्राणी आहे, त्याची अंडी तर आणखी चिवट, माशाच्या पोटातून जाऊनही जिवंत राहतात.

शिवाय रोग. व्हीएचएस नावाचा विषाणू आहे, माशांना आतून रक्तस्राव होतो, माणसाला काही होत नाही. 2005-06 च्या सुमारास ग्रेट लेक्समध्ये त्याने मासे ढिगाने मेले आणि ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आठ राज्यांतून आणि ऑन्टारिओ-क्वेबेकमधून ठरावीक जातींचे जिवंत मासे बाहेर न्यायला बंदी घातली. तो केंद्राचा आदेश नंतर उठला पण राज्यांनी आपापले नियम ठेवले, आणि आजचा बराचसा गोंधळ तिथूनच आलाय. एमराल्ड शायनर हा लोकांचा लाडका बेट मासा, आणि तोच या विषाणूला बळी पडणाऱ्यांतला.

आता राज्यं. मिनेसोटात नियम एकदम सरळ: तळ्यावरून निघताना बोटीचा ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) काढायचा, लाइव्हवेल (पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी) रिकामा, बिल्जचं म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचं, बेटच्या बादलीतलंही तळ्याचं पाणी ओतून द्यायचं. मासे जिवंत न्यायचेत? न्या, पण त्यांना नळाचं, बाटलीचं किंवा झऱ्याचं पाणी द्यायचं, ते पाणी घरूनच सोबत न्यावं लागतं. मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, मासे नेऊ देतात, फक्त पाणी नेऊ देत नाहीत. मात्र बाहेरच्या राज्यातून जिवंत मिनो परवान्याशिवाय मिनेसोटात आणायचे नाहीत, त्यामुळे शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये घेतलेली बादली घेऊन सहज हद्द ओलांडली असं करू नका.

विस्कॉन्सिनमध्ये थोडं वेगळं. तिथल्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले मिनो उरले तर त्याच पाण्यावर परत वापरता येतात, दुसऱ्या पाण्यावरही, पण एका अटीवर, त्या डब्यात तळ्याचं-नदीचं पाणी किंवा दुसरे मासे कधीच टाकलेले नसावेत. आणि मिनो नेताना सोबत पाणी जास्तीत जास्त दोन गॅलन. ही अट लोक विसरतात, म्हणजे दिवसभर बादलीत तळ्याचं गार पाणी भरत राहतात, मासे टवटवीत दिसतात, खूश होतात, आणि संध्याकाळी ते मासे त्या तळ्यापुरतेच उरलेले असतात हे लक्षातच येत नाही.

ऑन्टारिओ सगळ्यात जास्त डोकं खाणारं. 2022 पासून तिथे प्रांताचे चार बेट झोन केलेत आणि बेटफिश असो की जळवा, थोडे अपवाद सोडले तर एका झोनमधून दुसऱ्यात न्यायच्या नाहीत. तुमच्या घरच्या झोनबाहेर मासेमारी करत असाल तर बेट तिथेच परवानाधारक दुकानातून घ्यायचं, पावती जपायची आणि दोन आठवड्यांत वापरायचं नाहीतर टाकून द्यायचं. मर्यादा 120 बेटफिश. बाहेरून प्रांतात जिवंत बेटफिश आणायचे नाहीतच, आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा प्राणी) तर जिवंत असो वा मेलेला, जमिनीवरून न्यायचाच नाही, जिथे पकडला तिथेच वापरायचा. क्रेफिशवर इतका राग का, तर रस्टी क्रेफिश. ओहायो नदीच्या खोऱ्यातला प्राणी, बेटच्या बादल्यांमधून उत्तरेत पसरला आणि तळ्यांच्या तळाची झाडंच्या झाडं कापून साफ केली.

पावतीचं सांगायचं तर न्यूयॉर्कमध्येही तेच, रोगमुक्त प्रमाणित बेट घेतलं असेल तर पावती जवळ पाहिजे, आणि प्रमाणित नसेल तर जिथे पकडलं त्याच पाण्यात वापरायचं. पावतीचा फोटो काढून ठेवणं सोपं वाटतं पण मूळ कागद टाकू नका, तपासणी करणाऱ्या वॉर्डनसमोर फोन बंद पडला तर कुणाला सांगणार. मेन (Maine) राज्यात बाहेरून जिवंत बेटफिश आणणंच बेकायदा. आणि राज्याचा नियम मोडून मासा हद्दीपार नेला तर फक्त राज्याचा दंड नाही, 1900 सालचा लेसी ॲक्ट मध्ये येतो, तो केंद्राचा कायदा, तिथे मामला गंभीर होतो.

ज्यांना स्वतः जाळं लावून बेट पकडायची हौस आहे त्यांनी जास्त सांभाळायचं. बाहेरून घुसलेल्या सिल्व्हर कार्प माशाचं पिल्लू इथल्याच गिझर्ड शॅड माशासारखं दिसतं, तसाच बाहेरचा गोबी आणि इथला स्कल्पिन लांबून सारखेच. गोबीची खूण अशी की त्याचे पोटाखालचे दोन पर जोडून एकच झालेला असतो, स्कल्पिनचे वेगवेगळे. ओळखता येत नसेल तर दुकानातून घ्या, उगाच शहाणपणा कशाला.

आता नळाचं पाणी. क्लोरीनवालं पाणी थेट ओतलं तर मिनो तासाभरात उलटे. साधं क्लोरीन उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं की बरंचसं उडून जातं, पण बऱ्याच शहरांत क्लोरामिन घालतात, ते उडत नाही, त्याला ॲक्वेरियमवाल्यांचं डीक्लोरिनेटर दोन थेंब टाकावं लागतं. तापमान एकदम बदलू नका, नवं पाणी थोडं थोडं करून घाला. उन्हाळ्यात गार करायला सुटा बर्फ टाकू नका, तोही नळाच्याच पाण्याचा असतो, बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तशीच बादलीत सोडा. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त राहतो, बॅटरीवर चालणारा बुडबुडे पंप लावा, मेलेले लगेच काढा, आणि बादली ठासून भरू नका, माशांच्या अमोनियानेच अर्धे मरतात.

उरलेल्यांचं काय? इथेच माणसं भावनिक होतात. "बिचारे, सोडून देऊ तळ्यात." नाही. दुकानातलं बेट कुठल्याच तळ्यात सोडायचं नाही, मेलेलंही नाही. पाणी कोरड्या जमिनीवर ओता, ऑन्टारिओत काठापासून 30 मीटरपेक्षा कमी अंतरावर ओतणंसुद्धा बेकायदा आहे, आणि मासे पिशवीत घालून कचऱ्यात. फ्रीझरमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, व्हीएचएसचा विषाणू गोठवल्याने मरत नाही. उरलेली गांडुळंही तिथे फेकायची नाहीत, उत्तर मिनेसोटाच्या जंगलात हिमयुगानंतर मूळची गांडुळंच नव्हती, आता आहेत ती युरोपातली, आणि त्यात बेटच्या डब्यांतून फेकलेल्यांचा चांगला वाटा आहे, जंगलाच्या जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकतात ती.

ज्यांना हे सगळं वाचून वैताग आला त्यांच्यासाठी एक माहिती, आयर्लंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत मासा बेट म्हणून वापरायलाच बंदी आहे आणि नॉर्वेतही तेच, तिथे तर बेट म्हणून नेलेल्या मिनोंनीच नवी तळी व्यापली. तरी तिथले लोक मासे पकडतातच, स्पून, जिग अशी धातूची खोटी आमिषं किंवा मऊ प्लास्टिकची पिल्लं लावून. मी स्वतः लांबच्या ट्रिपला आता जिवंत बेट नेतच नाही, पोचलो की तिथल्या दुकानात घेतो, निघायच्या आधी काठावरच उरलेलं संपवतो, आणि बादली रिकामी करून उन्हात वाळवतो.