बेत आणि बेतणं

भिंतीवर टांगायच्या माझ्या छोट्या गोधड्या पाहून बायका हमखास एक प्रश्न विचारतात. "दीड फूट बाय दोन फुटांचं काम ते. शिवायला महिना लागतो हे समजू शकतं, पण कात्री लावायच्या आधीच तुम्ही दोन-दोन महिने काय करत बसता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सध्या हातात असलेल्या गोधडीचंच सांगते.

ती माझ्या आत्यासाठी आहे. कार्तिकात तिला पंच्याहत्तर पूर्ण होतील. कापड आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या इरकली लुगड्याचं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण त्यातलं माझ्यापर्यंत पोचलं ते पदर आणि त्याला लागून जेमतेम तीन हात. बाकीचं केव्हाच वाकळांत गेलं. दुकानातलं कापड चुकीचं कापलं गेलं तर दुसरं आणता येतं. हे तीन हात चुकले तर चुकलेच. दोन महिने लागतात ते यामुळे.

शिंपी खडूने आखून कापड कापतो, त्याला आपण बेतणं म्हणतो. "ब्लाउज बेतून ठेवलाय, शिवायचा राहिलाय." मनातला बेत आणि हे बेतणं भाषेने एकाच शब्दात ठेवलंय, ते मला फार पटतं.

आजीच्या वाकळेला असा बेत लागत नसे. जुनी धोतरं, लुगडी पडवीत अंथरायची, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, चौकोनात चौकोन. माप झोपणाऱ्याच्या उंचीवरून ठरे. माझ्या गोधडीत चित्र असतं आणि ती भेट म्हणून द्यायची असते. म्हणून मी माप भिंतीवरून घेते. आत्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये पलंगासमोर कपाट आणि दरवाजा यांच्या मध्ये दोन फुटांची मोकळी भिंत आहे. तिथे दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येत नाही, हेही पाहून आले. जुने रंग उन्हात झपाट्याने उडतात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली तरी तिला फिक्यावर फिकं नीट दिसत नाही, म्हणून गडदाशेजारी उजळ रंग हवा. वहीत एवढं उतरेपर्यंत मी चित्राचा विचारसुद्धा करत नाही.

मग कापडाची तपासणी. लुगडं खिडकीसमोर धरलं की कुठे विरलंय ते कळतं. बसण्याच्या जागचं कापड चाळणीसारखं झालेलं असतं, काठ पायांशी घासून झिजलेले असतात. उभं आणि आडवं हलकेच ओढून पाहायचं, जिथे तडतड आवाज येतो तो भाग अस्तरालासुद्धा घ्यायचा नाही. रंगाची परीक्षा मी कधीही टाळत नाही. पांढरं फडकं ओलं करून कापडावर ठेवायचं, वरून गरम इस्त्री दाबायची आणि फडक्यावर काय उतरतं ते पाहायचं. ही सवय एका चुकीतून लागली. एका बारशाला दिलेल्या दुपट्यात मी लाल खण न तपासता लावला. पहिल्याच धुण्यात शेजारचं पांढरं धोतराचं कापड गुलाबी झालं. त्या आईने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण ते दुपटं मला पुन्हा कधी बाळाच्या अंगावर दिसलं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग बसतो असं सांगतात. माझ्या खणाचा बसला नाही. आता शंका आली तर तो तुकडा मी बाजूला ठेवते, कितीही जीव जडला असला तरी.

इरकलीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लुगड्याच्या अंगाचे ताणे, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचे रेशमी. विणकर मागावर दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडतो, म्हणून पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरवलं तर बारीकशी कड लागते. दोन्हींचं वजन वेगळं, धुतल्यावर आटणंही वेगळं. म्हणून सगळं आधी भिजवून, वाळवूनच मी मापायला घेते.

चित्र काय करायचं ते मी ठरवून टाकलं होतं. गावच्या घराचं परस, मध्ये आड, आडावर रहाट, बाजूला केळ. खाकी कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढलं, तुकड्यांना आकडे घातले. आत्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. पण कात्री हातात घेतली आणि थांबले. लुगडं तिच्या आईचं, आणि कापणार मी, तिला न विचारता? फोन लावला.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काप गं. पण पदर राहू दे अख्खा." आणि लगेच, "काय काढणारेस?" मी सांगितलं. "रहाट? अगं, रहाट कुठला आपल्याकडे! कप्पी होती. दोर ओढून ओढून तळहात सोलायचे. तुझी आजी त्यावर खोबरेल चोळायची."

मी त्या परसात लहानपणी सुट्टीला गेले होते आणि मला रहाट ठाम आठवत होता. बहुतेक कुठल्या तरी धड्यातल्या चित्रातून तो तिथे येऊन बसला असणार. कागद फाडला.

नवा बेत त्या एका वाक्याभोवती उभा राहिला. पदर अख्खा ठेवायचा तर तो जाणार कुठे? इरकलीचा पदर लाल आणि त्यात पांढऱ्या शिखरांसारख्या ओळी. तो वरच्या बाजूला आडवा धरला तेव्हा घराची कौलंच दिसली. ती जोडाची कड बरोबर पागोळ्यांच्या जागी येते आणि तिच्या खाली अंगाचा गर्द निळा भाग, म्हणजे पडवीतली सावली. तिथे कात्री लावायचीच नाही, विणकराने जोडलंय तसंच राहील. केळ काढून टाकली, जागा नव्हती. दोर मात्र मधोमध, वरपासून आडापर्यंत. त्यासाठी धोतराच्या सुताचा तिपेडी पीळ घालून वरून टाके घेणार आहे, म्हणजे बोटांना लागेल.

काय तसंच ठेवायचं हे ठरवताना मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या मिसूरी पेटवे यांची आठवण येते. 1942 साली नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. मी तिचे फोटोच पाहिलेत. कपड्यांचे विटके भाग आणि डाग त्यांनी लपवले नाहीत, मोठमोठ्या पट्ट्यांत तसेच समोर ठेवले. माझ्या लुगड्यावर एका जागी हळदीचा फिका डाग आहे. आधीच्या बेतात तो मी मायेत दडवला होता, शिवणीच्या आत. आता तो धुण्याच्या दगडाशेजारी, दिसेल असा ठेवलाय.

बाकी हिशोब सरळ आहे. धावदोरा दाट घातला की गोधडी चारी बाजूंनी बोट-दीड बोट आकसते, म्हणून कापताना दोन इंच जास्त. तुकड्यांना पाव इंच माया. आत भरायला कापूस नको, भिंतीवर तो खाली उतरून पोट सुटतं. मऊ धोतराचे दोन थर पुरतात. पाठीला वरच्या कडेशी नेफा, त्यातून बांबूची काठी.

परवा आत्याचा पुन्हा फोन आला. आता ती रोज काही ना काही आठवून सांगते. "पोहरा आत पडायचा ना सुटून, मग गळ टाकून काढायला लागायचा. गळ दाखवलास का?" नव्हता दाखवला. कागदावर पडवीच्या खांबापाशी दोन बोटं जागा आहे. काळा जाड दोरा काढून ठेवलाय. खांबाच्या डाव्या अंगाला, तिच्या तेव्हाच्या उंचीला हात पोचेल इतक्या वर, खिळा होता म्हणाली.