अंतरपाटावरची अक्षरं: नोंद पाचवी

आधी कामाची स्थिती. शेला झाला. अंतरपाटाची एक बाजू पूर्ण, दुसऱ्या बाजूचं ‘शुभमंगल’ सुरू आहे आणि त्यातला ‘मं’ अर्धा झालाय. ब्लाउजच्या बाह्या अड्ड्यावरून (भरतकामासाठी कापड ताणून धरणारी चौकट) उतरून शिंप्याकडे गेल्या. भाचीच्या लग्नाला २६ दिवस आहेत. आरी (भरतकामाची आकडेदार सुई) चालते आहे, मान चालत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. जानेवारीत भाची गिरगावात आली ती फोनमध्ये ४३ स्क्रीनशॉट घेऊन. सगळी नट्यांची लग्नं. त्यातला एक तिने इतका मोठा करून दाखवला की नटीचा चेहरा गेला आणि नुसती किनार उरली. २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका पदुकोणचं लग्न इटलीत कोमो सरोवराकाठी झालं, तेव्हाची ती लाल ओढणी. डिझायनर सब्यसाचीने किनारीवर ‘सदा सौभाग्यवती भव’ पुन्हा पुन्हा भरलं होतं. “मावशी, मला हे शेल्यावर हवंय. पण तो आशीर्वाद नको, आमची नावं.” नावांचंही उदाहरण तयार होतं: २०२३ मध्ये परिणिती चोप्राच्या ओढणीवर नवऱ्याचं नाव देवनागरीत होतं.

मी हो म्हणून बसले. तुमच्यापैकी ज्यांनी अक्षरं केली आहेत ते इथेच हसले असतील.

दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर एका जुन्या चादरीची शेल्याएवढी पट्टी फाडली, मार्करने किनारीवर नावं लिहिली आणि भाचीला साडी नेसवून खांद्यावर टाकली. एक अक्षर वाचता येईना. कारण साधं आहे, पण फोटो बघताना सुचत नाही. त्या ओढण्या डोक्यावरून घेतलेल्या आहेत. किनार कपाळावरून, कानाशेजारून सरळ उतरते, म्हणजे अक्षरं चेहऱ्याला चौकटीसारखी बसतात आणि प्रत्येक फोटोत येतात. आपल्याकडे कपाळावर मुंडावळ्या. डोकं मोकळं, शेला खांद्यावर, तोही चुण्या घालून पिन केलेला. अक्षरं चुणीत जातात, उरलेली तिरकी होतात. आणि ज्या टोकावर तिला नावं हवी होती, त्याच टोकाची नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ बांधतात! दोन महिन्यांचं काम गाठीत.

तेव्हापासून स्क्रीनशॉट आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे कापड अंगावर कुठे आहे आणि तिथे ते चार तास काय करणार आहे? रंग, नक्षी, कोणत्या डिझायनरचं, हे नंतर. ४३ पैकी ३० तरी या एका प्रश्नात गळले.

मग अक्षरं जाणार कुठे? लग्नात ताणून, सपाट, दोघांनी दोन टोकांना धरलेलं आणि सगळ्यांचं लक्ष असलेलं कापड एकच. अंतरपाट. भाचीने तिथल्या तिथे ठरवलं: तिच्या बाजूला ‘शुभमंगल’ आणि नवऱ्याच्या बाजूला ‘सावधान’. ताईला, म्हणजे तिच्या आईला, आम्ही फक्त ‘शुभमंगल’ सांगितलं आहे.

आता अक्षरांचं तंत्र, कारण या नोंदीचा खरा ऐवज तोच आहे. ऑफ-व्हाइट टसर रेशीम, अक्षरांची उंची ११ सेंटीमीटर, आत सुती दोरा भरून उठाव, वरून कसब (जरीचा धागा), कडेने आरीचा साखळी टाका. पहिल्या नमुन्यात मी शहाणपणा केला. शिरोरेषा आधी एका दमात सरळ मारून घेतली, म्हणजे खाली अक्षरं टांगली की झालं. दोन गोष्टी बिघडल्या. सलग साखळीने कापड ओढलं गेलं आणि रेघेखाली झालर आल्यासारखं दिसू लागलं. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. ‘ध’च्या डोक्यावर रेघ पूर्ण जात नाही, डावीकडे ती तुटलेली असते. माझी रेघ सलग, त्यामुळे शब्द झाला ‘सावघान’. ‘भ’चंही तेच, रेघ जोडली की ‘म’. ‘शुममंगल’. दुपारभर काम करून मला ते दिसलं नाही, शेजारच्या तिसरीतल्या मुलाने वाचून दाखवलं.

धारावीत ज्या चाचांकडे मी अडीच वर्षांपूर्वी आरी धरायला शिकले, त्यांच्याकडे नमुना घेऊन गेले. त्यांनी कापड उलटं करून टाक्यांचा ताण बघितला आणि एवढंच म्हणाले, “लाइन आख़िर में, बेटी. और हर हर्फ़ पे तोड़ के.” म्हणजे पहिलीत बाईंनी शिकवलं होतं तेच. आधी अक्षर, मग वरची रेघ. आता प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी मारते, दोन अक्षरांच्या मध्ये टाका बंद करते आणि सांध्यावर एक टिकली बसवते. सांधा दिसत नाही, कापड ओढत नाही. ‘ध’ आणि ‘भ’च्या गाठीत दोरा भरायचा नाही हेही लिहून ठेवा. भरला की आतली पोकळी बुजते आणि पुन्हा ‘घ’ आणि ‘म’ समोर उभे.

एक गाढवपणा कबूल करते. बटर पेपरवर खाका, म्हणजे अक्षरांचा आराखडा, सुईने टोचला, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळा फिरवला, कागद उचलला तर ‘सावधान’ आरशातलं. कागद पालथा ठेवला होता. फुलांच्या वेलीला हे चालून जातं, वेलीला उजवं-डावं नसतं. स्वच्छ रॉकेलने पुसलं तरी निळसर झाक राहिलीच. टसर वाया गेलं नाही, शेल्याच्या आतून लावलं. पण हिंदमाताच्या कापडबाजाराची आणखी एक फेरी पडली आणि दुकानदाराने त्याच थानातलं कापड संपल्याचं अत्यंत आनंदाने सांगितलं. म्हणून दोन बाजूंच्या रंगात बारीक फरक आहे. तुम्हाला दिसेल. पाहुण्यांना नाही दिसणार.

दोन बाजूंना दोन शब्द म्हणजे दोन कापडं पाठीला पाठ लावून. साखळी टाक्याची मागची बाजू कोणाला दाखवण्यासारखी नसतेच. पहिली बाजू झाल्यावर दुसऱ्या कापडावर नुसता खाका मारून दोन्ही टाचली आणि संध्याकाळी गॅलरीत धरून बघितली. उन्हाची तिरीप मागून आली तर दोन्ही शब्द एकमेकांत घुसलेले, पुढून ‘शुभमंगल’ आणि त्यातून उलटा ‘सावधान’. हॉलमध्ये व्हिडिओवाल्याचा दिवा असाच मागून असणार. मध्ये पांढऱ्या पॉपलीनचा थर घातला, आरपार दिसणं थांबलं. वजन वाढलं, पण हे कापड धरणारे दोघे आहेत आणि मंगलाष्टकं पाचच म्हणायची असं भटजींना ताईने बजावलंय. (नातेवाईक स्वतः रचलेली सहावी-सातवी म्हणतात ते वेगळं.)

घडी घालायची नाही, हे डायनाकडून. १९८१ मध्ये तिच्या लग्नाच्या झग्याला २५ फुटांचं शेपूट होतं, कापड टॅफेटा, आणि गाडीत कोंबून आणल्यामुळे कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर ती उतरली तेव्हा सगळं चुरगळलेलं. जगाने बघितलं. अंतरपाट मी कापड दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवते, अक्षरं बाहेरच्या बाजूला, मध्ये मलमल. हॉलवरही नळीसकटच जाईल.

हात धुण्याचा नियम केट मिडल्टनच्या लग्नाच्या झग्यावरून घेतला. २०११ च्या त्या कामात लेस बसवणाऱ्या बायका दर ३० मिनिटांनी हात धूत आणि दर ३ तासांनी सुई बदलत. वाचलं तेव्हा मला ते राजघराण्याचं कौतुक वाटलं होतं. एप्रिलात मुंबईत कसबावर काम करून बघा. घामाने जरीचा रंग मरतो, पांढऱ्या टसरवर बोटांची सावली उमटते. आता घड्याळ लावते. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास, त्यामुळे अड्ड्याशेजारी बादली भरून ठेवलेली असते आणि घरात कोणी तिला हात लावला की भांडण.

तासांचा हिशेबही दर वेळी विचारला जातो. एका अक्षराला मला अडीच ते तीन तास लागतात, ‘ध’ला साडेचार लागले. प्रियांका चोप्राच्या लाल लेहंग्याचे आकडे छापून आले होते: ११० कारागीर, ३,७२० तास. म्हणजे माणशी ३४ तासही नाहीत. तेच काम मी एकटीने रोज दोन तास करायचं म्हटलं तर पाच वर्षं. हा भागाकार मी भाचीला कागदावर करून दाखवला, त्यानंतर ‘पूर्ण पाठभर जरदोजी’ हा विषय निघालेला नाही.

शेला ताईच्या शालूचा आहे, आणि या सगळ्यात मला तोच आवडलाय. ताईचं लग्न १९९३ चं, शालू बनारसी, डाळिंबी. भाचीला तो नेसायचा होता. सोनाक्षी सिन्हाने २०२४ मध्ये आईची ४४ वर्षांची चिकनकारीची साडी नेसून लग्न केलं, ते बघून. पण आमचा शालू उघडला तर घडीच्या तीन रेघांवर रेशीम चिरलेलं. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिला, कोणी घडी मोडली नाही. (आत्ता उठा आणि आपापल्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या बदला. मी थांबते.) शिवाय भाचीला नेसायची नऊवारी, शालू सहावारी. कापून शेला करू म्हटलं तर ताईने कात्री उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

मग ईशा अंबानीचं लग्न आठवलं, २०१८ चं. तिने आईची लग्नातली साडी खांद्यावरून घेतली होती, ओढणीसारखी. खांद्यावरून! म्हणजे आपल्या शेल्याचीच जागा. शालू लांबीत चौपदरी घडी करून बघितला तर ढिगारा झाला. शेवटी तडजोड अशी निघाली: पदर आणि त्याला लागून दीड मीटर एवढंच वर दिसेल, बाकीचा शालू न कापता मागे सपाट घडीत, कच्च्या टाक्यांनी धरलेला. लग्नानंतर टाके उसवले की शालू पुन्हा अख्खा. चिरलेल्या जागांना मागून बारीक नेट लावली आणि त्याच रंगाच्या एकेरी रेशमाने धाग्याआड धागा घेत शिवलं. ११ संध्याकाळी त्यात गेल्या आणि दिसत काहीच नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मिळून ८९० ग्रॅम भरलं, म्हणून खांद्यावर सेफ्टी पिन नको. पिनेने जुनं रेशीम पहिल्या तासात फाटेल. ब्लाउजच्या खांद्यावर आतून दोन चपटे हूक आणि शेल्याच्या मागच्या टसरला दोन आकडे, अशी सोय केली आहे.

शेल्याला किरण (काठाला लावायची जरीची झालर) लावायची होती. कतरिना कैफच्या ओढणीला हाताने ठोकलेल्या चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली किरण होती, तेव्हापासून भुलेश्वरमध्ये प्रत्येक गल्लीत तीच मागतात. मीही चार मीटर आणली. लावून बघितली तर ती हिरव्या चुड्यात अडकते, मुंडावळ्यांच्या मोत्यात अडकते, भाचीच्या नखातसुद्धा अडकली. काढली. कोणाला हवी असेल तर सांगा.

केस मोकळे सोडायचे होते, आलिया भटसारखे. मुंडावळ्या खोप्याला बांधल्या नाहीत तर अक्षता पडेपर्यंत नाकावर येतात, हे एकदा बांधून दाखवलं आणि विषय मिटला. चपला कोल्हापुरी, यावर मात्र पहिल्या दिवसापासून एकमत. आमिर खानच्या मुलीने, आयरानेही २०२४ मध्ये लग्नात त्याच घातल्या होत्या, पण आमच्याकडे त्याला आयराची गरज नव्हती.

ब्लाउजबद्दल थोडक्यात, कारण तिथे मी मागच्या नोंदीतलंच केलं. मुंढ्यापासून चार बोटं जागा कोरी सोडली, तिथे एक मोतीही नाही. हात वर करून हार घालायचा असतो. बाहीच्या काठावर कोयऱ्यांची एकच ओळ. मे महिना, दादरचा हॉल, एसी ‘आहे’ असं मॅनेजर म्हणतो. काखेत घामाचे पॅड शिंप्याला आतून शिवायला सांगितलेत आणि मार्जिन दोन्हीकडे दीड इंच, कारण केळवणं अजून सात बाकी आहेत.

या आठवड्यात ‘मं’ पुरा करायचा, मग ‘ग’ आणि ‘ल’. अनुस्वाराला एक मोठा मोती ठेवलाय, तो सगळ्यात शेवटी. त्यानंतर दोन्ही बाजू पॉपलीनसकट कायमच्या शिवायच्या. ताई दर रविवारी काम बघायला येते आणि ‘सावधान’ची बाजू तिने अजून पाहिलेली नाही, ती नळीवर आतून गुंडाळलेली असते. शिवणीला बसले की दोन्ही बाजू उघड्या पडणार, म्हणजे तो रविवार टाळून दार लावून बसायला हवं. आमच्या चाळीत दिवसा दार लावलं की पाच मिनिटांत पलीकडच्या काकू कडी वाजवतात, “बरं आहे ना गं?” आणि काकूंना कळलं की ताईला कळलंच.