तुम्ही विचारलंत म्हणून: चिकटवलेली पेन्सिल पुन्हा पाणी का पिते?

जिताड्यासाठी खाडीत पेन्सिल नि पॉपर (मासा भुलवायचे पोकळ प्लास्टिकचे नकली मासे, म्हणजे ल्युअर) फेकणारे भेटले की विचारतात, "एवढं नीट चिकटवलं, तरी चार फेकींत पाणी शिरलं. गोंद कुठला वापरता?" गोंदाचं नाव सांगून मी थकलो. दोष बहुतेक वेळा गोंदात नसतो, ल्युअरच्या पोटातल्या हवेत असतो.

आधी गळती शोधा. खडकावर आपटून नाकाशी उकललेली जोडरेघ लगेच दिसते, पण पाणी कित्येकदा पोटाच्या गळाच्या कडीपाशी शिरतं. ल्युअर हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि बुडबुडे जिथून सुटतात, तिथे खूण करा. उकळतं पाणी नको, अंग वाकडं होतं. आत पाणी खुळखुळत असेल तर शेपटीशी 1 मिमीचं भोक पाडा, सिरिंजने गोडं पाणी घालून मीठ धुवा, झटका आणि दिवसभर पंख्याखाली ठेवा.

आता खरी गोची. "उन्हात तापवून गरम असतानाच बंद करा, म्हणजे ओल राहणार नाही," असं पूर्वी मीच सांगायचो. ऐकायला पटतं, पण चूक आहे. तापलेल्या ल्युअरमधली हवा फुगलेली असते. त्यावर एपॉक्सी लावून सावलीत आणलंत की हवा आकसते आणि ओला गोंद आत ओढते. वरून गुळगुळीत दिसतं, खाली नुसता पापुद्रा. उलटही होतं. एसीच्या खोलीत चिकटवून ओला गोंद उन्हात वाळायला ठेवला की हवा बाहेर ढकलते, एपॉक्सीत बुडबुडा येतो, फुटतो आणि सुईच्या टोकाहून बारीक भोक उरतं. डोळ्याला दिसत नाही. होडीत उन्हात तापलेलं ल्युअर थंड पाण्यावर पडलं की आतली हवा आकसते आणि त्याच भोकातून पाणी खेचून घेते. तुमच्या "चार फेकीं"चा हिशेब हा.

म्हणून शेपटीचं ते भोक वैरी समजू नका. मुद्दाम उघडं ठेवा. पाण्याचा टिपूस नसला तरी पाडा. भेगा आधी बुजवा, भोकातून दाब सारखा होत राहतो. दोन भागांची, सावकाश सेट होणारी एपॉक्सी घ्या, पूर्ण 24 तास थांबा. मग ल्युअर, गोंद आणि खोली एकाच तापमानाला आल्यावर, शक्यतो संध्याकाळी, टूथपिकच्या टोकाने दाट थेंब लावून भोक बंद करा. पाच मिनिटांची एपॉक्सी मीही वापरतो, घाईत. ओलाव्यात ती लवकर हार मानते, हे माहीत असूनही. सुपरग्लू एकटा लावू नका. ठिसूळ असतो, पारदर्शक अंगावर पांढरी वाफ धरतो. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचा मोह आवरा, त्यातलं ॲसिटोन रंग आणि ल्युअरचं एबीएस प्लास्टिक दोन्ही खातं.

गळ बदलणाऱ्यांना एवढंच: काढलेले आणि लावायचे गळ स्प्लिट रिंगसकट (गळ अडकवायच्या कडीसकट) सोनाराच्या काट्यासारख्या लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. ट्रेबल (तीन आकड्यांचा गळ) काढून सिंगल (एका आकड्याचा) लावलात आणि वजन कमी पडलं, तर पेन्सिल उताणी लोळते, डावी-उजवी चालत नाही. गळाच्या दांडीवर सोल्डरची तार गुंडाळून फरक भरून काढा. मागे जास्त भरलंत तर शेपूट बुडून ती उभी राहते. काहींना तीच आवडते, वाद नको. चाचणी बादलीत घ्या, पण नळाचं पाणी फसवतं. समुद्रासाठी 10 लिटरला साधारण 350 ग्रॅम मीठ घाला. पावसाळ्यातल्या खाडीसाठी बरंच कमी, आणि नेमकं किती ते दर भरतीला वेगळं.