लोडला हात लावू नकोस रे बाळा

परवा सकाळी चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटबाहेर चहा घेत होतो, समोरून हायड्रा आली, म्हणजे लोड लटकवून चालणारी क्रेन. हुकाला इलेक्ट्रिकचं मोठं पॅनल लटकवलेलं, सात-आठ फूट उंच, आणि त्या पॅनलला दोन्ही हात लावून एक पोरगा उलटा चालत होता. तोंड क्रेनकडे, पाठ रस्त्याकडे. वय असेल एकोणीस-वीस, पायात स्लीपर. मी चहा तसाच ठेवला आणि ओरडलो, "उस्ताद रोको, रोको!" ब्रेक लागला, पॅनल झुललं, पोरगा बाजूला झाला. ऑपरेटर माझ्यावर जाम वैतागला, आणि त्याचंही बरोबर आहे, रस्त्यावरचा कोण अनोळखी माणूस येऊन बोंबलतो. पण मला राहवत नाही. का राहवत नाही ते आज लिहून टाकतो, बरेच दिवस मनात होतं.

मी रिगिंगच्या कामात, म्हणजे जड माल बांधून क्रेनने उचलण्या-हलवण्याच्या कामात, एकोणीस वर्षं आहे. सुरुवात भोसरीत हेल्पर म्हणून, चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) ओढण्यापासून. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका शेडमध्ये मशीन शिफ्टिंगचं काम होतं, मी तोवर सुपरवायझर झालेलो. ट्रकमधून मशीनचा बेड (खालचा जड लोखंडी पाया) उतरवला आणि शेडपर्यंत न्यायचा होता, अंतर किती तर दोनशे फूट. दोनशे फुटांसाठी लोड सावरायला दोरी कोण बांधत बसणार असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. मी गेटवर चलनावर सही करत होतो. हायड्राचं पुढचं चाक गटाराच्या झाकणावर गेलं, झाकण खचलं, चाक खाली गेलं वीतभरच, पण बूमच्या (क्रेनच्या लांब दांड्याच्या) टोकाला तो झटका हातभर झाला. आमचा पोरगा बेडला धरून उलटा चालत होता. मागे एक टेम्पो उभा होता त्याच्या फाळक्याला त्याची पाठ टेकली आणि पुढून बेड आला.

कंबरेचं हाड मोडलं. वाचला. दोन ऑपरेशनं झाली, आठ महिने पडून होता, आता गावी भावाच्या किराणा दुकानात बसतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, मी करायच्या आधी त्याचाच येतो. "दादा, तुमची काय चूक त्यात" असं म्हणतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. कारण चूक होती ना. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की लोडला हात लावायचा नाही, उलट "धर रे, हलू देऊ नको" असंच सांगितलं होतं, आणि ते मीच सांगितलं होतं.

आता हायड्रा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. उचलायचं आणि लोड घेऊन चालायचं, अशी ही क्रेन. आपल्याकडे प्रत्येक एमआयडीसीच्या कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने मिळते, म्हणून सगळीकडे तीच. जुन्या मॉडेलला केबिन मागे, पुढे लांबलचक बूम आणि त्याच्यापुढे लटकलेला लोड, त्यामुळे लोडच्या पुढे कोण आहे ते ऑपरेटरला दिसतच नाही. काही मॉडेलमध्ये वळताना गाडी मधून मोडते, म्हणजे लोड एका बाजूला आणि मागचं वजन दुसऱ्या बाजूला, तेव्हा सरळ उभी असताना जेवढं पेलते तेवढं वळल्यावर पेलत नाही. आणि "चौदा टनाची हायड्रा" म्हणतात ना, ते चौदा टन म्हणजे बूम पूर्ण आत घेतलेला आणि लोड पुढच्या चाकांना अगदी चिकटून असेल तेव्हाचे. बूम बाहेर काढला की, किती लांबीला किती वजन पेलेल ते सांगणाऱ्या चार्टमधला आकडा झपाझप खाली येतो. तो चार्ट केबिनमध्ये चिकटवलेला असतो, बऱ्याच गाड्यांत उन्हाने पार पांढरा पडलेला. बऱ्याच मोठ्या कंपन्या जुन्या हायड्राला आता गेटच्या आत घेत नाहीत, केबिन पुढे असलेल्या नव्या गाड्या मागतात, आणि ते मला मनापासून पटतं.

तर लोड झुलू नये म्हणून कुणीतरी धरावा लागतो हे खरंय, पण हाताने नाही, दोरीने. टॅग लाइन. साधी नायलॉनची दोरी, लोडच्या खालच्या कोपऱ्याला बांधायची, लांबी एवढी की धरणारा माणूस लोड पडला, झुलला, गाडी कलंडली तरी बाहेरच राहील. लांब पाईप किंवा गर्डर असेल तर दोन टोकांना दोन दोऱ्या. धरणाऱ्याने बाजूला तिरकं चालायचं, लोडच्या पुढे कधीच नाही. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळायचं नाही, लोड ओढायला लागला तर सोडून देता आली पाहिजे. आणि हातातल्या टोकाला गाठ मारायची नाही, ती गाठ कुठंतरी अडकते आणि मग लोड भलतीकडेच फिरतो. एवढंच. दोरी बांधायला दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय, खरंच दोन मिनिटं.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे बोटं. स्लिंग, म्हणजे लोड हुकाला अडकवायचा पट्टा किंवा दोर, ताणली जाते त्या वेळी हेल्पर ती हाताने जागेवर धरून ठेवतो, सरकू नये म्हणून, आणि बोटं स्लिंग आणि लोडच्या मध्ये राहतात. क्रेनला कळत नाही मध्ये काय आहे. आमच्याकडे आता पद्धत आहे, स्लिंग टाइट व्हायच्या आधी हेल्परने दोन्ही हात वर करून दाखवायचे, मग सिग्नलवाला इशारा देणार, मग चार बोटं उचलायचं आणि थांबायचं. चार बोटं म्हणजे जमिनीपासून चारच बोटं. तेवढ्यात सगळं कळतं, लोड कुठे कलतोय, स्लिंग कुठे सरकतेय, गाडी मागून उठतेय का. खाली ठेवायचं असेल तर चार बोटांवरून ठेवता येतं, दहा फुटांवरून नाही.

आणि वजन. आमच्या धंद्यातला सगळ्यात घातक शब्द कुठला विचाराल तर "अंदाजे". "अंदाजे दोन टन असेल." अरे पण मोजता येतं की! स्टीलची प्लेट असेल तर एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडी म्हणजे ७.८५ किलो, हे एवढं पाठ करा. सहा मीटर बाय दीड मीटर, २० एमएमची प्लेट, तर ९ गुणिले २० गुणिले ७.८५, १४१३ किलो झाले. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. गोल सळीला व्यासाचा वर्ग भागिले १६२, किती किलो प्रति मीटर ते येतं, हे तर साइटवरच्या प्रत्येकाला येतं. मशीन असेल तर नेमप्लेट बघा, नसेल तर मालकाकडून लेखी मागा. वजन कळल्याशिवाय मी हूक लावू देत नाही, मग गाडीचं वेटिंग लागलं तरी चालेल.

बरं वजन कळलं तरी अर्धंच काम झालं, कारण स्लिंगचा कोन. हे नव्या पोरांना मी पाण्याच्या बादलीने शिकवतो. भरलेली बादली दोघांनी धरायची, आधी जवळजवळ उभं राहून, मग एकेक पाऊल लांब सरकत जायचं. बादली तीच, पाणी तेवढंच, पण लांब गेलं की हात थरथरायला लागतात. स्लिंगचं अगदी तेच होतं. एक टनाचा लोड दोन पायांच्या, म्हणजे हुकापासून दोन बाजूंना जाणाऱ्या, स्लिंगने उचलला, पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर अर्धा टन. जमिनीशी ६० अंशाचा कोन असेल तर प्रत्येकावर साधारण ५७७ किलो. ४५ ला ७०७. आणि ३० अंशाला पूर्ण एक टन, प्रत्येक पायावर! म्हणजे आखूड स्लिंगने रुंद लोड उचलला तर स्लिंगला दुप्पट वजन वाटतं, आणि लोड मात्र बघणाऱ्याला तेवढाच दिसतो. एकदा बादली धरून बघितली की पोरं विसरत नाहीत, तक्ता दाखवला की विसरतात.

खंडेनवमीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही क्रेनची पूजा करतो, हुकाला झेंडूची माळ, हळद-कुंकू. चार वर्षांपूर्वी पूजेआधी हूक रॉकेलने स्वच्छ पुसत होतो तर ग्रीसखाली आतल्या वळणावर केसासारखी रेघ दिसली. आधी वाटलं ओरखडा असेल, नख फिरवलं तर नख अडकलं. क्रॅक होती. आदल्या दिवशी त्याच हुकाने आम्ही दिवसभर माल चढवला होता. मी त्या दिवशी देवासमोर बराच वेळ बसलो होतो. तेव्हापासून हूक दर सोमवारी पुसतो, लॅच (हुकाच्या तोंडावरची पट्टी) बघतो, वायर रोपच्या तुटलेल्या तारा मोजतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम २९ प्रमाणे क्रेन, चेन, रोप, टॅकल यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम माणसाकडून पूर्ण तपासणी व्हावीच लागायची, पण ती वर्षातून एकदा आणि आपण रोज उचलतो.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर जागेवर बसवणारं मोठं यंत्र) कोसळला, २० माणसं गेली. त्या सकाळी मला गावाकडून चार फोन आले, "तू तिथं नाहीस ना?" आई तर रडतच होती. २०२० मध्ये त्याच तारखेला विशाखापट्टणमच्या शिपयार्डमध्ये क्रेनची लोड टेस्ट चालू असताना ती पडली आणि ११ जण गेले. या मोठ्या गोष्टी पेपरात येतात, चौकशी बसते. एका हायड्राखाली एका हेल्परचा पाय जातो त्याची बातमी कुठेच येत नाही, म्हणून मी इथे लिहितोय.

मला हे काम शिकवलं ते मुंबई गोदीतून रिटायर झालेल्या एका खलाशी (गोदीत माल उचलण्याचं काम करणाऱ्या) मामांनी. त्यांची भाषा गोदीची, उचल म्हणायला "हाबेस", खाली सोड म्हणायला "आरिया". त्यांच्या गँगमध्ये हाबेस आणि आरिया एकच माणूस म्हणायचा, दुसऱ्याने तोंड उघडलं की मामा तिथंच झापायचे. पण "बस" मात्र कुणीही म्हणायचं, चहा आणणाऱ्या पोराने म्हटलं तरी क्रेन थांबायची, आणि थांबवल्याबद्दल कुणाला कधी ओरडले नाहीत. एकदा मीच उगाच "बस" ओरडलो होतो, काहीच नव्हतं, सावली बघून घाबरलो होतो. मामांनी गाडी थांबवली, खाली येऊन सगळं बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि परत हाबेस दिला. मी आज माझ्या पोरांशी तसंच वागायचा प्रयत्न करतो, जमतं बऱ्यापैकी, डिस्पॅचची घाई असली की अजून कधीकधी आवाज चढतो.

एक शेवटचं, बेल्ट स्लिंगबद्दल, म्हणजे कापडी पट्ट्याच्या स्लिंगबद्दल. जांभळी एक टन, हिरवी दोन, पिवळी तीन, हे रंग असतात, पण टॅग फाटलेला असेल तर रंगावर भरवसा ठेवू नका. कडेला कट गेलेला असेल तर ती गेली, शिलाई मारून वापरायची नाही. आणि नुसती भंगारात टाकू नका, मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी टाकलेली स्लिंग सकाळी परत हुकाला, कारण कुणाला तरी ती चांगली वाटली. माझ्या पिशवीत कटर असतो. स्लिंग बाद केली की तिथंच, सगळ्यांसमोर, तिचे दोन तुकडे करतो, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या ड्रममध्ये टाकतो.