‘आधीच एवढं दुखणं, त्यात पोराला घरी कशाला ठेवलंस?’ तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच असतो, विचारणारं तोंड तेवढं बदलतं. लग्नाच्या पंगतीत आत्या, जिन्यात शेजारच्या काकू, भाजीवाल्यापाशी जुन्या क्लासमधली मैत्रीण. “तुझी तब्येत ही अशी. पोरगा शाळेत गेला तर पाच तास पाठ तरी टेकता येईल. घरी ठेवून शिकवायचं नसतं लचांड कशाला मागे लावून घेतलंस?” आणि शेवटी ठरलेलं, “तुझ्या भल्यासाठीच सांगते हो.”

दीड वर्षात मी याची निदान चार उत्तरं दिली असतील. सगळी अर्धीमुर्धी. काही तर चक्क उसनी.

आधी त्या पाठ टेकण्याचं बघू. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे आणि कमरेखालचे सांधे सुजून आखडण्याचा आजार, आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा स्वभाव कुणी ऐकूनच घेत नाही. साधी कंबर आराम केला की थांबते. माझी आरामानेच बिघडते. पडून राहिलं की सांधे धरतात, हललं की हळूहळू सुटतात. उत्तररात्री दुखायला लागतं आणि सकाळचे पहिले दोन तास मी म्हणजे लाकडाचा ओंडका. दुपारी तुम्हाला भेटते ती बाई वेगळी, म्हणून तुम्ही म्हणता, “दिसत तर नाही काही.” थंडीत आणखी वाईट. निफाडचा पारा पेपरात छापून यायच्या आधी माझ्या माकडहाडाला कळलेला असतो.

मुलगा झाला तेव्हापासून हे चालू आहे. पाच वर्षं मी “मणक्यात गॅप” आणि “सिझरला पाठीत दिलेलं इंजेक्शन” यांच्यावर काढली. तेल, पट्टा, कडक गादी. एक्स-रे स्वच्छ. या आजारात एक्स-रेवर कित्येक वर्षं काही उमटत नाही, आणि हा पुरुषांचा आजार अशी समजूत असल्यामुळे बायकांचं निदान उशिरा होतं, हे मला नंतर कळलं. कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआय काढला तेव्हा सूज दिसली. त्या दिवशी मला आनंद झाला होता. खोटं नाही बोलत आपण, याचा तरी.

तर असं हे शरीर, आणि मुलाची व्हॅन सहा पन्नासला.

नवऱ्याची पहिली शिफ्ट, इथे नाशिकच्या अंबडला. साडेसहाला तो बाहेर. मी साडेचारचा गजर लावायची. उठायला नाही, गोळी घ्यायला. गोळी घ्यायची, गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवायची, गुडघे छातीशी घेऊन मोजत राहायचं. सहापर्यंत भिंत धरून ओट्यापाशी पोचता येईल हा हिशोब. जमलं तर डबा, नाही जमलं तर नाही. ‘नवऱ्याने करावा की डबा’ असं म्हणणाऱ्यांना सांगते, तो करायचा. त्याच्या पोळ्यांचे दहा वाजेपर्यंत पापड व्हायचे. आदल्या रात्री करून ठेवायच्या तर संध्याकाळी तो ओव्हरटाइमवर आणि मी कणीक तिंबायच्या अवस्थेत असेनच असं नाही. असो. याची सफाई मी किती देऊ.

आता ज्या गोष्टीमुळे सगळं झालं, ती. ही मी कुणाला नीट सांगितलेली नाही, आईलासुद्धा.

पहिलीचं वर्ष, ऑगस्ट. फिजिओथेरपिस्टने मला रोज वीस मिनिटं पालथं पडायला सांगितलंय. खुबे आणि पाठ पुढे वाकून आखडू नयेत म्हणून. गादीवर नाही, फरशीवर, सतरंजी टाकून. हनुवटीखाली हाताची घडी. असं पडलं की घर वेगळंच दिसतं. खुर्च्यांचे पाय, गॅसच्या ट्रॉलीखालची लसणाची सालं, दिवाणाच्या खालचा अंधार. त्या दिवशी दिवाणाच्या दोन फळ्यांच्या फटीत काहीतरी पांढरं खोचलेलं दिसलं. पट्टी घालून ओढलं. शाळेच्या डायरीची पानं होती. फाडलेली, चार घड्या घातलेली. चार पानं.

लाल पेन. पहिल्यावर “प्लीज सेंड टिफिन ॲज पर मेन्यू.” दुसऱ्यावर तेच, खाली दोन रेघा. तिसऱ्यावर “सुका खाऊ चालणार नाही, पालकांनी भेटावे.” चौथ्यावर नुसती तारीख आणि “सेकंड रिमाइंडर.”

शाळेचा मेन्यू फ्रिजवर लावलेला होता. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी पराठा, बुधवारी मोड आलेलं कडधान्य वगैरे. ज्या सकाळी मी ओट्यापर्यंत पोचत नव्हते, त्या सकाळी पोरगा स्वतः डबा भरत होता. स्टुलावर चढून, बरणीतला चिवडा. मला ते माहीत होतं. मी त्याचं कौतुक करायची, फोनवर सांगायची, “बघा, सहा वर्षांचा आहे, पण किती समजूतदार.” डबा दुपारी चाटूनपुसून रिकामा यायचा, म्हणून मी निर्धास्त होते.

वर्गात चिवड्याचा डबा उघडायला बाई परवानगी देत नसत. बाईंची चूक काढत नाही, छत्तीस पोरं आणि वर मॅनेजमेंटचे नियम. हा मधल्या सुट्टीत झाकण लावलेला डबा पुढ्यात ठेवून बसायचा आणि येताना व्हॅनमध्ये सगळा खायचा. म्हणून डबा रिकामा.

हे मला त्याच्याकडून कळायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, पानं माहीतच नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री, दिवा घालवल्यावर, आपणहून बोलला. मी विचारलं, मला का नाही दाखवलंस? मला वाटलं होतं, म्हणेल ‘तू रागावली असतीस.’ तो म्हणाला, “तू मग चारला उठली असतीस.”

साडेचारऐवजी चारला. त्याला गजराची वेळ माहीत होती. म्हणजे गजर होई तेव्हा तो जागा असायचा.

त्यानंतर काय काय बोलले आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. वळून त्याला जवळ घ्यायचं होतं, पण त्या वेळी एका कुशीवरून दुसरीवर वळायचं म्हणजे माझा पाच मिनिटांचा कार्यक्रम, आणि तोंडातून आवाज निघाल्याशिवाय तो पार पडत नाही. आवाज काढायचा नव्हता. म्हणून तशीच पडून राहिले, पाठ त्याच्याकडे करून. त्याचा त्याने काय अर्थ घेतला, देव जाणे.

दोन आठवड्यांनी दाखला काढला. फॉर्मवर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी “कौटुंबिक” लिहिलं. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, “कुठल्या शाळेत घालताय?” मी म्हटलं, “बघतोय.” हे अगदीच खोटं नव्हतं.

कायद्याचा धाक घालणारेही आहेत, त्यांच्यापुरतं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य आहे, असं कलम १० म्हणतं. वाचलंय मी, डोळेझाक केलेली नाही. नाही दाखल केलं तर पालकाला शिक्षा काय, ते त्यात नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही नाही आणि मनाई आहे असंही नाही. आणि कलम ४ असं आहे की शाळेबाहेरचं मूल आलं तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं. त्या कलमाच्या उशीवर मी रात्री झोपते. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवी बाहेरून देता येते, दहावीला एनआयओएसचाही, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचाही, रस्ता आहे. पण हे सगळं मी नंतर शोधलं, निर्णय झाल्यावर. ‘अभ्यास करून निर्णय घेतला’ असं जे मी सांगत फिरले, ती थाप होती.

दुसरी थाप, “शाळा मुलांचं कुतूहल मारते.” हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की मलाच खरं वाटायला लागलं. वास्तविक मी बारा वर्षं क्लासमध्ये आठवी ते दहावीचं गणित शिकवलं. आपली मुलगी घरी शिकवणारं एक जोडपं तेव्हा मला भेटायला आलं होतं. त्यांना मी चहा पाजून सुनावलं होतं, “स्वतःच्या हौशीसाठी पोरांवर प्रयोग करू नका.” ती मी आज समोर आली तर मला काय म्हणेल, ठाऊक आहे. म्हणेल, हे लोक निदान हौशीसाठी करत होते, तू तर सोयीसाठी करतेस. सकाळी उठवत नाही म्हणून मुलाची शाळा बंद.

यावर मी तिला म्हणते, बाई गं, एकदा या कमरेत राहून बघ. पण हे काही उत्तर झालं नाही.

आता आमची शाळा दहाला भरते. फरशीवर. आमच्या फरश्या दोन फूट बाय दोन फूट, त्यांच्यावर व्हाइटबोर्डचं मार्कर छान चालतं आणि ओल्या फडक्याने पुसलं जातं. बेचा पाढा, क्षेत्रफळ, अपूर्णांक, सगळं फरशीवर झालं. दोघंही पालथे, मध्ये बालभारतीचं पुस्तक. माझी वीस मिनिटं त्यातच भरतात. वाचनालयातली पुस्तकं नवरा आणतो. पांडवलेणी बापलेक दोघंच चढून आले, मी खाली टपरीवर.

आमचं सगळ्यात मोठं गणित मागच्या पावसाळ्यातलं. गंगापूर धरणातून विसर्गाचे मेसेज येत होते आणि याने विचारलं, क्यूसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर. न्हाणीघरातली बादली चौदा लिटरची. म्हणजे एक क्यूसेकला दोन बादल्या, पाच हजाराला दहा हजार, आणि तेही एका सेकंदाला. त्याला ते खोटं वाटलं, म्हणून रिक्षाने गोदाघाटावर गेलो. मी रिक्षातच, कमरेमागे उशी. तो बाबांच्या खांद्यावर बसून नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बघून आला. नाशिककर पुराचं पाणी फुटात सांगत नाहीत, मारुतीच्या अंगावर सांगतात. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. हे त्याला फार आवडलं.

इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी येऊन त्याने विचारलं, “आई, आज पाणी कुठपर्यंत?”

आता रोज विचारतो. मी सांगते, “पावलांपर्यंत.” वाईट दिवस असेल तर, “गुडघ्यापर्यंत.” मग तो माझ्याकडे बघतो आणि स्वतःशीच म्हणतो, “म्हणजे कमरेपर्यंत.” मोबाइलचा आवाज कमी करतो, दार न वाजवता लावतो.

हे तुम्ही कुणी विचारत नाही, पण विचारायचं तर हे विचारा. माझ्या दुखण्याची काळजी त्याने वाहू नये म्हणून मी त्याला शाळेतून काढलं, आणि आता तो त्या दुखण्याच्या शेजारी दिवसभर बसलेला असतो. शाळेत निदान पाच तास तो कुणाची तरी आई नव्हता. आता गजर नाही, लाल पेन नाही, गरम पोळी दहाला का होईना पोटात जाते, रात्री तो सलग झोपतो (मी उठून बघितलंय). यातलं काय जास्त वजनाचं, मला ठरवता येत नाही. शिवाय सगळे दिवस फरशीवरचे नसतात. डिसेंबरात अकरा दिवस काहीही शिकवलं नाही, मी कॅलेंडरवर फुल्या मारल्यात. त्या दिवशी तो तीन-तीन तास मोबाइल बघतो. संध्याकाळी पाचला खाली क्रिकेटला जातो, पण त्याआधी दुपारभर गॅलरीतून रिकामं पार्किंग बघत उभा असतो, तेही मला दिसतं.

“आता तर नऊची शाळा झालीय ना?” हेही ऐकते. झालीय. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. आमच्या शाळेने व्हॅनच्या फेऱ्यांचं कारण काढून वेळ तीच ठेवली. मग दुसरी शाळा? चार गल्ल्या सोडून महापालिकेची एक आहे, साडेदहाची, चालत सात मिनिटं. खिचडीही तिथेच मिळते, म्हणजे डब्याचाही प्रश्न नाही. मी गेल्या मार्चमध्ये फाटकापर्यंत जाऊन आले. आत का गेले नाही, ते सांगायला मला अजून चांगलं कारण सापडलेलं नाही. ज्या कारणाचा संशय येतो ते लिहायची लाज वाटते. शेजारच्या काकू काय म्हणतील, हे ते कारण आहे. ज्यांच्या प्रश्नाला मी एवढी वैतागते, त्याच काकू.

नवरा म्हणतो, जूनमध्ये बघू. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, “तिथे गॅदरिंग असतं का?” असतं की नाही, ते विचारायला पुन्हा त्या फाटकापर्यंत जावं लागेल.

दाखला कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, डायरीची ती चार पानंही त्यातच. आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा, पण दहानंतर. त्याआधी मी उचलला, तर आवाज ऐकून तुम्ही पुन्हा तेच विचाराल.