वेळापत्रक नसलेल्या मालगाडीचे फोटो : माझा अनुभव

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, रिजायना शहराजवळच्या मेन लाइनवर मालगाडीसाठी फारसं थांबावं लागत नाही. प्रांताच्या नैऋत्येला ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर मात्र सगळा दिवस मोकळे रूळच बघायची तयारी ठेवावी लागते. कॅनेडियन पॅसिफिक या मोठ्या रेल्वे कंपनीला नकोशा झालेल्या फाट्यांवर 2000 साली ही कंपनी उभी राहिली आणि 2004 मध्ये स्थानिक लोकांनीच ती विकत घेतली. गाडी धान्यासाठी धावते. म्हणून मी गाडीचा नाद सोडून आधी धान्याचा माग काढायला लागलो.

इथे शेतकऱ्याला धान्य पाठवायला स्वतःच्या नावावर वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मागवता येते. हा हक्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कायद्यात आहे. गावाच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, हॉपर (धान्याचे डबे) उभे दिसले की मी त्यांच्या चाकांजवळच्या स्प्रिंगांकडे बघतो, अर्थात रस्त्यावरूनच, लांबची लेन्स लावून. रिकाम्या डब्याच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये चांगली फट असते. भरलेला डबा खाली बसतो, वेटोळी एकमेकांना भिडायला येतात. साइडिंगवरचे सगळे डबे असे बसलेले आणि वरची झाकणं बंद दिसली, तर इंजिन त्यांना न्यायला येणार हे नक्की. कधी, ते लोडिंगवरच्या माणसांना विचारावं. गावाकडची माणसं आहेत, मोकळेपणाने सांगतात, आणि सांगता सांगता यंदा मसूर कशी झाली तेही सांगतात!

गाडी पूर्वेला असिनिबोइया गावाकडे निघाली की खरी मजा. हायवे 13 लाच ओळीने गावं आहेत: शॉनव्हन, अ‍ॅडमिरल, कॅडिलॅक, पॉन्टेक्स, अ‍ॅनरॉइड. गाडी सावकाश जाते, त्यामुळे एक फोटो झाला की मोटारीने पुढे जाऊन तीच गाडी पुन्हा गाठता येते. पण पाऊस झाला असेल तर मातीच्या रस्त्यांवर अजिबात शिरू नये. इथली चिकणमाती ओली झाली की चाकांना थरावर थर बसतात आणि मोटार जागची हलत नाही. अशा दिवशी मी डांबरी रस्ता सोडत नाही. रूळ आणि रुळांलगतची जागा रेल्वेची, तिथे पाय ठेवायचा नाही. शेतात उभं राहायचं तर मालकाला विचारून.

उजेडाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: ऑक्टोबरसारखा महिना नाही. अमेरिकेची सीमा जवळ, म्हणजे 49 अंश अक्षांशाच्या जरासं वर. सूर्य दुपारीही फारसा वर चढत नाही, आणि डब्यांच्या बाजूवरची प्रत्येक रिबिट, गंजाचा प्रत्येक ओघळ उठून दिसतो. मे-जूनच्या भर दुपारी हेच डबे सपाट दिसतात.

मला हवा होता तो फोटो लाकडी एलेव्हेटरचा, म्हणजे रुळालगतच्या धान्याच्या उंच कोठाराचा, इंजिनासकट. असे एलेव्हेटर आता थोडेच उरलेत, बहुतेक पाडले गेले. उंच एलेव्हेटर चौकटीत बसवायला लांब जावं, तर इंजिन काडेपेटीएवढं होतं. म्हणून मी फाटकापासून बराच मागे, सार्वजनिक रस्त्यावर उभा राहिलो आणि 200 मिमीची लेन्स लावली, म्हणजे दोन्ही जवळ ओढले जातात. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब असा भोंगा झाला. कॅमेरा उभा धरला, शटर 1/500 सेकंदावर ठेवलं आणि इंजिनाचं नाक एलेव्हेटरच्या सावलीतून उन्हात येईपर्यंत थांबलो. चालकाने खिडकीतून हात केला, तोही फोटोत आला आहे. त्या फोटोची मोठी प्रिंट काढून लोडिंगवरच्या त्या मंडळींना पाठवली.